गाळणीवाल्या शैलजाताई

शैलजाताई टेंब्यांनी वॉर्डाच्या पार्षदाच्या, म्हणजे नगरसेवकाच्या, निवडणुकीचा फॉर्म भरला आणि त्याची एक झेरॉक्स इंदूरच्या खजराण्याच्या गणपतीपुढे ठेवली, दुसरी व्हॉट्सॲपवर मुलाला पाठवली. गणपती काही बोलला नाही. मुलगा बोलला.

"आई, तू वेडी आहेस का?" अनीश पुण्याहून ओरडला. "त्या तांबटांच्या ठठेरा गल्लीत सून आणायची तर सतरा पिढ्या तपासतात. ते तुला, मराठी बाईला, पार्षद करतील?"

"का नाही करणार? छत्तीस वर्षं राहतेय मी इथे."

"बरं! मग हरलीस तर फ्लॅट विकायचा आणि तू नि बाबांनी कायमचं पुण्याला यायचं. बोल, मंजूर?"

आता ताईंचा स्वभाव असा, की कुणी "बोल, मंजूर?" म्हटलं की तोंडून "मंजूर" आधी निघतं आणि विचार मागाहून चालत येतो. तसंच झालं. फोन ठेवला आणि ताईंनी जीभ चावली.

कारण पुण्याचा अनुभव ताजा होता. गेल्या वर्षी महिनाभर राहून आल्या होत्या. भाजीवाल्याला 'भाऊ'ऐवजी इंदुरी सवयीने म्हणाल्या, "भिया, धनिया कसा दिला?" तर तो दोन्ही बाजूंना बघायला लागला, भिया कोण आलाय म्हणून. सोसायटीतल्या बायका म्हणाल्या, "काकू, तुमचं मराठी किती गोड! जरा हिंदीच आहे ना?" आणि इकडे इंदूरला त्याच काकू छत्तीस वर्षं 'मराठन मॅडम'. म्हणजे माणसाने जायचं तरी कुठे? पण इथे निदान भांडायला हक्काची माणसं होती. सकाळी कुणाची तरी कढी आलेली असायची, संध्याकाळी कुणाची तरी तक्रार. हे सोडून जायचं म्हणजे ताईंच्या अगदी जिवावर आलं होतं.

हे सगळं लफडं सुरू केलं विष्णू भियाने. खालच्या मजल्यावर त्याचं पोह्यांचं दुकान. वॉर्डाचे पार्षद राजीनामा देऊन मोठ्या खुर्चीकडे गेले, पोटनिवडणूक लागली, आणि हा पोह्यांवर जिरावणाचा मसाला भुरभुरवत म्हणाला, "मॅडम, जिंदगीभर अख्ख्या गल्लीचे अर्ज आपने लिखे. आता एकदा अर्ज घेणारी खुर्ची पण बघा ना!" गोष्ट खरी होती. ताई सरकारी शाळेत हिंदी शिकवायच्या. मराठी बाईने माळवी पोरांना हिंदी शिकवावं हाच मुळात चमत्कार, पण निम्मा वॉर्ड त्यांच्या हातची छडी खाऊन मोठा झाला होता.

मराठी मतांचा भरवसा धरावा, तर वॉर्डात मराठी घरं बेचाळीस आणि मंडळं दोन. एकाच्या गणपतीत ताईंनी आरती म्हटली म्हणून दुसरं रुसलं, दुसऱ्याच्या कोजागिरीचं दूध प्यायल्या म्हणून पहिलं. दोन्ही मंडळांनी 'तटस्थ' राहायचा ठराव केला. धन्य आहे आपल्या लोकांची! म्हणजे जिंकायचं तर ठठेरा गल्लीच्याच मतांवर. आणि तिथे समोर उभा बब्बू भिया, गल्लीतलाच, जातीतला, चौकाचौकात हात जोडलेला फोटो. त्याचा प्रचार एका वाक्याचा: "मॅडम अच्छी हैं, पर अपनी थोड़ी हैं! आज यहाँ, कल पुणे!"

ताईंनी आता एक चूक केली, अशी चूक फक्त त्याच करू शकतात. निर्दलीय, म्हणजे अपक्ष, उमेदवाराला यादीतून चिन्ह निवडायचं असतं. ताईंचं लक्ष तेव्हा संक्रांतीच्या हळदीकुंकवात. तिळगुळाबरोबर बायकांना काहीतरी वस्तू द्यायची, वाण लुटायचं, म्हणून दिवाळीतच त्यांनी चहाच्या दोनशे गाळण्या आणून कपाटात भरल्या होत्या. यादी वाचताना 'चाय की छन्नी' दिसली आणि ताई हरखल्या. "अय्या, ही तर आपल्याकडे आहेच!" असं म्हणून खूण करून मोकळ्या.

विष्णू भियाने कपाळाला हात लावला. "मॅडम! आचारसंहिता लगी है! चिन्ह तेच, वाटणार तेच? गाळणी दिली की मतदाराला लाच दिली असं होतं!"

"लाच? अरे, वाण आहे ते!"

"कलेक्टर साहब को वाण समझाओगे?"

हळदीकुंकू रद्द करायला मात्र ताई तयार होईनात. छत्तीस वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. शेवटी ठरलं की कपाटाला कुलूप, आणि बायकांना हळदीकुंकू नि तिळगूळ एवढंच. यजमान पांडुरंगराव, रेल्वेतून निवृत्त, आयुष्यभर पार्सल ऑफिसात घालवलेले, त्यांनी कुलूप तीनदा ओढून पाहिलं आणि शांतपणे मागच्या खोलीत निघून गेले. तिथे ते आठवडाभर काय करत होते हे विचारायला ताईंना सवडच नव्हती.

संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी बायका आल्या. चाळीसेक बायका, निम्म्या घुंगटात, आणि मधोमध कंचनबाई. कंचनबाई म्हणजे बब्बू भियाची सख्खी मोठी काकू, पंचाहत्तरीची. गल्लीत पुरुष ठरवतात असं पुरुषांना वाटतं. ठरवतात कंचनबाई.

हळदीकुंकू झालं, तिळगूळ झाला. बायका बसून राहिल्या. अत्तर लावून झालं. बायका बसूनच. सगळ्यांचे डोळे कपाटाकडे. ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"या वर्षी वाण नाही," त्या कशाबशा म्हणाल्या. "कायदा आहे. इलेक्शन होईपर्यंत मला काही देता येत नाही."

आपल्या दारातून बायका रिकाम्या हाताने जाणार, या विचाराने ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि नेमकी तेव्हाच बेल वाजली. दारात निवडणुकीचं भरारी पथक! साहेब, दोन शिपाई, एक महिला पोलीस आणि एक व्हिडिओवाला. बब्बू भियाने तक्रार ठोकली होती की मॅडम मतदारांना छन्न्या वाटतायत.

कपाट उघडलं. गाळण्या मोजल्या. दोनशे पूर्ण, बिल दिवाळीचं. साहेबांचं समाधान होईना. महिला पोलिसाने बायकांच्या पिशव्या तपासायला घेतल्या आणि पहिलाच हात कंचनबाईंच्या बटव्याला घातला.

"म्हारो बटवो?" कंचनबाई कडाडल्या. "दी होती छन्नी, तो हम यूँ मुँह लटका के बैठते? छत्तीस बरस में पहली बार इस घर से खाली हाथ जा रहे हैं! किसने भेजा तुमको? बब्बू ने?"

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. सुटका करून घ्यायला ते मागच्या खोलीत शिरले आणि तिथून विजयी स्वरात ओरडले, "ये क्या है?"

बायकांचा घोळका धावला. खोलीत छतापर्यंत खोकी. सुतळीने आवळलेली, प्रत्येकावर पांडुरंगरावांच्या वळणदार अक्षरात नंबर. ताईंचे डोळे पांढरे झाले. साहेबांनी खोकं क्रमांक एक फाडलं. निघालं पुरणयंत्र, दुलई आणि ताईंच्या सासूबाईंचा फोटो. क्रमांक दोनमध्ये पांडुरंगरावांची कानटोपी. व्हिडिओवाला इमानेइतबारे कानटोपीचं चित्रण करत राहिला.

"हे कुणाला वाटायचं होतं?" साहेबांनी विचारलं.

"कुणाला नाही," पांडुरंगराव म्हणाले. "ही हरली की आम्हाला पुण्याला जायचंय. मुलाशी ठरलंय तिचं. ऐन वेळी घाई नको म्हणून मी बांधून ठेवलं."

"अहो!" ताई किंचाळल्या. "हरणार म्हणून आधीच बांधून ठेवलंत?"

"पॅकिंगला वेळ लागतो," पांडुरंगराव म्हणाले.

पथक पंचनामा करून गेलं. बायका मात्र खोक्यांकडे बघत उभ्या. कुणी तरी हळूच विचारलं, "मॅडम, सच्ची में जाओगे?" ताईंना खोटं बोलता येईना. त्यांनी "हारी तो जाऊँगी" म्हणत मान हलवली. बब्बू भिया म्हणत होता तेच खरं निघालं की, आज यहाँ, कल पुणे! कंचनबाईंनी पदर सावरला आणि जिना उतरून गेल्या, त्यांच्यामागे सगळ्या बायका. ताई खोकं क्रमांक एकवर बसल्या आणि पांडुरंगरावांना म्हणाल्या, "राहिलेली भांडी पण बांधा आता."

मतदानाच्या दिवशी गल्लीतल्या पुरुषांनी आपापल्या बायकांना बजावून बूथवर पाठवलं. बायकांनी घुंगटातून मान डोलावली. आता घुंगटातून बटण दिसत नाही असं ज्यांना वाटतं त्यांना काय सांगायचं! मतमोजणीला पहिल्या दोन फेऱ्या बब्बू भियाचे ढोल वाजले. तिसऱ्या फेरीत ठठेरा गल्लीची मशिनं उघडली आणि ढोलवाला काठी वर धरून तसाच राहिला. त्रेचाळीस मतांनी शैलजा टेंबे निवडून आल्या.

विष्णू भियाने ताईंना जीपमध्ये चढवलं, पोह्याच्या कढईवर झारा बडवत वरात काढली. घरी येईपर्यंत ताईंना खरंच वाटेना. वर आल्या तर कंचनबाई दाराशी, दोन मजले चढून, धापा टाकत. ही बाई स्वतःच्या सख्ख्या पुतण्याला पाडून आली होती. ताई पाया पडायला वाकल्या. "बई, आपने मुझे वोट दिया? अपने बब्बू को छोड़के?"

"वोट-फोट हम नी जाणां, बेन," कंचनबाई म्हणाल्या. "तम पुणे जई री थी, तो हमने रोकी ली. बस."

फोनवर अनीश ओरडत होता, "आई, कितीने? कितीने आलीस?" ताईंनी दोनदा तोंड उघडलं, पण ना मराठी आली ना हिंदी. मग त्यांनी फोन तसाच पांडुरंगरावांच्या हातात दिला आणि कंचनबाईंच्या गळ्यात पडून, वॉर्डाच्या पार्षदाला अजिबात शोभणार नाही असं, भोकाड पसरून रडल्या.