नापास नादकाटा

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. कारण स्वतःच्या घरात, स्वतःच्या सुनेसमोर मी जो शहाणपणा केला, तो सांगताना मलाच ठसका लागतो.

आमची सून मनाली साउंड थेरपी शिकली. म्हणजे काय, तर शाळेत असायचा तसला दोन पायांचा नादकाटा वाजवायचा आणि त्याच्या आवाजाने माणसाला शांत करायचं. आम्ही लालबागची माणसं, आम्ही ढोल-ताशाने शांत होतो! पण पोरगी हौशी. त्या दिवशी संध्याकाळी तिच्याकडे पहिल्याच बाई येणार होत्या, शिवाजी पार्कच्या एक निवृत्त शिक्षिका. त्यांना बरं वाटलं तर त्यांच्याबरोबर सकाळी फिरणाऱ्या सगळ्या मैत्रिणी येणार. नाही वाटलं, तर दुकान उघडायच्या आधीच बंद.

म्हणून दुपारी सराव माझ्यावर. मनालीने काटा रबराच्या चकतीवर हळूच आपटून माझ्या कानाशी धरला.

“काय वाटतंय, बाबा?”

“अगं, आधी वाजव तरी!”

तिने पुन्हा आपटला. काही नाही. मग तळहातावर. काही नाही. मग गुडघ्यावर. पोरीचा गुडघा लाल झाला, काटा मुका तो मुकाच.

आता मी कोण? संपापर्यंत मिलमध्ये साच्यांवर, म्हणजे कापड विणायच्या यंत्रांवर काम केलेला माणूस. साच्याला नुसता हात लावून सांगायचो, कुठला नट ढिला आहे. मिल गेली, नंतर शिवडीच्या गोदामात नोकरी केली, पण अंगातलं ज्ञान काय जातं का? मी निकाल दिला, “माल खोटा आहे. तुला फसवलं.”

“पण बाबा, मला ऐकू येतंय!”

“तुला वाटतंय तसं. फी भरलीयस ना!”

बिचारीचा चेहरा उतरला. आमची बायको दारात तोंडाला पदर लावून हसत होती. मला वाटलं, सुनेला हसतेय.

मग मी हातोडी काढली. मऊ रबराला घाबरून धातू कधी बोललाय? काटा खिडकीच्या ग्रिलला टेकवला आणि दिला दणका! काट्याचं एक टोक वाकलं. शेजारचे परब संध्याकाळची आरती लवकर सुरू झाली समजून टाळ्या वाजवत आत आले.

नेमक्या तेव्हाच, ठरल्या वेळेच्या आधीच, बाई दारात. माझ्या हातात हातोडी, सुनेच्या डोळ्यांत पाणी.

“थेरपी ती हीच का?” त्यांनी विचारलं.

मी पुढे होऊन सांगितलं, माल खोटा आहे, पण आमची पोरगी खरी आहे. मनालीने डोळे पुसले आणि संचातला दुसरा काटा रबरावर टिचवला. बाईंनी खुर्चीत बसून डोळे मिटले. “किती गोड!” परबांनीही मान डोलावली. मी एकेकाच्या तोंडाकडे बघतोय. एवढी माणसं एकदम खोटं बोलतायत?

बाई उठल्या, माझ्यामागे जाऊन उभ्या राहिल्या. मग परत समोर येऊन म्हणाल्या, “मी मागून तीनदा तुमचं नाव विचारलं.”

घरात सगळे गप्प. निदान मला तरी तसं वाटलं.

“ह्यांचे कान साच्यांच्या खडखडाटातच गेले, बाई,” बायको म्हणाली. “मिलच्या खात्यात सगळे एकमेकांचे ओठ बघूनच बोलायचे. तेच घरात चाललंय. लग्न झाल्यापासून मी समोर येऊन बोलते, म्हणून ह्यांना वाटतं, ऐकू येतंय!”

खरंच की! माणसाला ओठ असतात. नादकाट्याला कुठून असणार?

मी सगळ्यांसमोर सुनेची माफी मागितली. ती हसली, काटा आपटला आणि या वेळी त्याचा दांडा माझ्या गुडघ्यावर टेकवला. आणि अहो, हाडातून गुणगुण वर चढली! साचेखात्याच्या फरशीवर उभं राहिलं की पायांतून चढायची, अगदी तशी. इतक्या वर्षांनी. फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

“सोमवारी मैत्रिणींना घेऊन येते,” बाई म्हणाल्या. “फक्त ती हातोडी लपवून ठेवा.”

बायको आमच्याकडे पाठ करून ओट्याशी चहा करत होती. एकाएकी बाई, परब, मनाली सगळेच खो खो हसायला लागले.

“काय म्हणाली गं ती?” मी मनालीला विचारलं.

“काही नाही, बाबा. आई रोज म्हणतात तेच!”

आणि मी चाळीस वर्षं अख्ख्या लालबागला सांगत फिरतोय, आमची बायको मला कधी एक शब्द उलटून बोलली नाही!