माऊस लूज होता

अकोल्यात मे महिन्यातल्या दुपारी माणूस दोनच गोष्टी करू शकतो. कूलरसमोर झोपायचं, नाहीतर कूलरसमोर जागं राहायचं. मला दुपारची झोप येत नाही, म्हणून मी गेम खेळते. कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या, चाळिशी उलटलेल्या बाईनं बंदुकीचा गेम खेळावा हे शेजारपाजारच्यांना पटत नाही. न पटो. त्यांच्या मालिकांना मी कधी नावं ठेवलेली नाहीत, निदान त्यांच्या तोंडावर तरी.

हा गेम दोघांनी मिळून खेळायचा असतो. माझी जोडीदार म्हणजे माझी मोठी बहीण, अमरावतीची. टाळेबंदीत आपापल्या घरी अडकलो होतो तेव्हा आम्ही दोघी तो शिकलो, आणि पुढे सुटला नाही. ताई पॅथॉलॉजी लॅबमध्ये सकाळपाळी करते, दुपारी मोकळी होते. हेडफोन लावून, समोरच्यांना गोळ्या घालता घालता आम्ही आज भाजी कोणती केली ते बोलायचो.

आई गेल्यावर हे बोलणं थांबलं. आईचं सारं आयुष्य अकोल्यात गेलं, शेवटी शेवटी तेवढी ती ताईकडे होती. तिचा मयतीनंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम अकोल्यात व्हावा असं माझं म्हणणं होतं. ताईनं मला न विचारता अमरावतीच्या बुद्धविहारात तारीख ठरवली आणि मग फोनवर कळवली, पाहुण्यांना कळवावी तशी. मी गेले. मागच्या रांगेत बसून वंदना म्हटली, जेवले आणि कुणाशी न बोलता संध्याकाळची बस धरली. त्यानंतर ना तिचा फोन, ना माझा.

गेम मात्र सुरू राहिला. कसा, ते मला नीट सांगता येणार नाही. एका दुपारी स्क्रीनवर तिचं बोलावणं आलं आणि मी बटण दाबलं, इतकंच. मी हेडफोन लावला नाही, तिनंही माइक बंदच ठेवला होता. लिहून बोलायची सोय गेममध्ये आहे, ती दोघींनी वापरली नाही. ती पुढे चालायची, मी मागे. मी गोळी लागून पडले की ती येऊन मला उठवायची, ती पडली की मी. बहिणी म्हणून आमच्यात तेवढंच उरलं होतं. तेही जाईल याची मला भीती वाटायची, पण ती मी कुणाला सांगितली नसती.

या उन्हाळ्यात माऊसनं छळायला सुरुवात केली. माझा कूलर खिडकीत आहे, खिडकीला लागून टेबल आणि टेबलाखाली कॉम्प्युटर. कूलर सुरू झाला की खिडकी थरथरते, खिडकीबरोबर टेबल थरथरतं, आणि माऊसच्या वायरीची पिन आपल्या जागेवरून हळूहळू बाहेर सरकते. कूलर बंद केला तर पिन टिकते, पण मग माणूस टिकत नाही. मी कागदाची घडी खोचून पाहिली, रबरबँड लावले, चिकटपट्टी लावली. नवा माऊस आणला, तर तोही दुसऱ्याच दिवशी सैल. दोष वायरीत नव्हताच, कॉम्प्युटरची खाच झिजली होती. नव्या माऊसला मी विनाकारण शिव्या दिल्या.

माऊस गेला की मी टेबलाखाली वाकून पिन दाबायची. तेवढा वेळ गेममधली मी हातात बंदूक घेऊन नुसती उभी. एका दुपारी पिन काही केल्या बसेना. डोकं टेबलाला आपटलं, घाम डोळ्यात गेला, वर स्क्रीनवर काय चाललंय याचं भान नव्हतं. शेवटी पिन बसली. वर येऊन पाहते तर मी पडलेली, आणि जोडीदार गेम सोडून गेल्याची सूचना झळकत होती.

त्यानंतर तिचं बोलावणं आलं नाही. तिच्या नावापुढे हिरवा ठिपकाही दिसेना. काय झालं असेल ते मला लगेच समजलं. लहानपणापासून मी रुसले की बोलत नाही, जिथे असेन तिथे खांबासारखी उभी राहते. एका लग्नात पंगत उठेपर्यंत हातात ताट घेऊन उभी होते, हे ताई अजून सगळ्यांना सांगते. आता आपली बहीण गेममध्येही रुसून उभी राहायला लागली असं तिला वाटलं असणार. वाटू दे, असं मी आधी म्हटलं. मग कॉम्प्युटर भिंतीपासून ओढला, माऊस मागच्या खाचेत लावला आणि तो पक्का बसला. हे आधी सुचलं असतं तर! पक्का माऊस हातात धरून मी दुपारभर बोलावण्याची वाट पाहिली. मग राहवेना, तेव्हा फोन लावला.

"बोल," ताई म्हणाली.

"माऊस लूज होता."

"काय?"

"त्या दिवशी. कूलरनं वायर निंघून राहिली होती. मी टेबलाखाली होती. रुसली नोती."

"तू रुसली असं मले वाटलंच नाई. रुसली असती तं बरं होतं."

"मंग गेली काहून?"

 

"दोनदा उठवलं तुले," ती म्हणाली. "लोकं मारून राहिले, अन तू हालत नाई. मले पाहवलं नाई मंग." मग म्हणाली, "आईजवळ बी मी एकटीच होती."

आईच्या शेवटच्या रात्रीबद्दल आम्ही दोघी कधी बोललोच नव्हतो. मयत झाली, कार्यक्रम झाला, भांडण झालं, आणि ते राहून गेलं. मी विचारलं, काय झालं होतं.

"लाईट डोयावर येते म्हणे. म्या बंद केला अन बाजूले बसली. लय वेळ हालली नाई ती. मले वाटलं, झोपली." ताई म्हणाली. "म्हणून म्या हालवून पायलं नाई. आवाज बी नाई देल्ला."

"म्या बी नसतं हालवलं, ताई," मी म्हणाले.