आप्पांच्या विहिरीतले हिरे

आप्पांचा फोन आला तेव्हा मी सुट्टीवर होते, वरवंडला सासरी भजी तळत होते. आप्पा म्हणजे माझे चुलते. केंदूरला, माझ्या माहेरच्या रानात, त्यांची नवी विहीर खोदायचं काम चाललं होतं. एरवी आप्पा असं बोलतात की पलीकडच्या शिवारातल्या माणसाला फोनशिवायही ऐकू जावं. त्या दिवशी मात्र आवाज अगदी खाली.

"पोरी, एकटीच हाईस का?"

"हो. का हो आप्पा, काय झालं?"

"फोनवर बोलायचं न्हाई. तू ये. तुज्या लायनीतलं हाय."

माझी लाईन म्हणजे खनिजं शोधायची. भूशास्त्र शिकले आणि एका खाजगी कंपनीत लागले. दूर छत्तीसगडच्या जंगलात जमिनीखाली काय दडलंय ते शोधायचं, हे माझं काम. हे शास्त्र आता फारच पुढं गेलंय. पूर्वीचा माणूस हातोडा घेऊन डोंगर पायी तुडवायचा आणि दमायचा. आम्ही ड्रोनच्या पोटाला जमिनीचं चुंबकत्व मोजणारं यंत्र बांधतो. ड्रोन जंगलावरून फिरतो, आकडे संगणकात जातात आणि कृत्रिम बुद्धिमत्ता नकाशावर एक सुंदर लाल ठिपका काढून देते. मग आम्ही तिथं भलं मोठं मशीन नेऊन भोक पाडतो. भोकातून साधा दगड निघतो. त्यावर मीटिंग होते आणि असं ठरतं की मॉडेल अजून शिकतंय. मी लागल्यापासून ते शिकतंच आहे. इतकं शिकून एखादा माणूस प्राध्यापक होऊन निवृत्तसुद्धा झाला असता.

घरी माझी ख्याती वेगळीच. आमच्या घरात आजोबांपर्यंत मेंढरं होती. आप्पांच्या पिढीनं शेती धरली, घर बांधलं, रानोमाळ हिंडणं सुटलं. मग घरातली पहिली पदवीधर म्हणून मी पुन्हा रानोमाळ हिंडायला लागले. "एवढं शिकून दगडं गोळा करती," असं काकी चारचौघांत मोठ्या कौतुकानं सांगायची. विहिरीची जागा ठरवताना अर्थातच मला कुणी विचारलं नव्हतं. पाणाड्याच्या हातावर नारळ उभा राहिला होता, मग भूशास्त्राची गरज काय?

चौफुल्याला वळून, न्हावरा, तळेगाव करत केंदूरला पोचले तर आप्पा विहिरीच्या कडेला बाज टाकून बसलेले. खोदणाऱ्या माणसांना सुट्टी दिलेली. विहिरीवर हिरवं शेडनेट अंथरलेलं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"डास व्हत्यात," आप्पा म्हणाले. विहिरीत तेव्हा पाण्याचा टिपूस नव्हता.

त्यांनी इकडंतिकडं बघितलं, शेडनेटचा कोपरा उचलला आणि मला यारीच्या, म्हणजे विहिरीवरच्या क्रेनच्या, डब्यात बसवून स्वतः खाली सोडलं. आदल्या दिवशीच्या सुरुंगानं तळाजवळच्या भिंतीत एक पोकळी उघडी पडली होती. मी आत बॅटरी मारली.

पोकळी आतून पूर्ण भरलेली होती. काचेसारख्या लखलखीत पांढऱ्या कांड्या एकमेकींत घुसून चहूबाजूंनी उगवल्या होत्या आणि मधूनच एखादा फिकट हिरवा, टोकदार खडा चमकत होता. लाव्हा थंड होताना राहिलेल्या बुडबुड्यात लाखो वर्षं झिरपत, जमत हे सगळं झालं होतं आणि त्यावर पहिला उजेड माझ्या हातातल्या बॅटरीचा पडत होता. इतकी वर्षं विमानं, ड्रोन, संगणक लावून मला असं काही दिसलं नव्हतं. किती वेळ तशीच उकिडवी बसून होते, कोण जाणे.

"हिरंच हायेत ना?" वरून आप्पांनी हळूच विचारलं. हळूच म्हणजे विहीर घुमली.

वर आल्यावर मी त्यांना समजावलं. आपल्या काळ्या दगडात हिरा सापडत नाही. हा झिओलाईटचा प्रकार. हिरवे खडे टिकतील. पण पांढऱ्या कांड्या लॉमोंटाईटच्या दिसतात. त्यांच्या आतच पाणी असतं. कोरड्या हवेत ते उडून जातं आणि दगडाचं पीठ होतं.

"काढूच नका त्या. काढल्या असतील तर पाण्यात बुडवून ठेवा," मी म्हणाले.

आप्पांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच ती पोकळी चोरायला आलेय.

"दगडाचं पीठ व्हतं? म्हंजी गिरणीत घालायचं का?"

"आप्पा, खरंच सांगते."

"तुज्या कंपनीनं सांगितलं आसंल, घरच्यान्ला कायबी सांगून गप कर म्हणून."

माझ्या कंपनीला आप्पांची विहीर ठाऊक असती तर तिनं आधी तिच्यावर ड्रोन उडवला असता आणि मग शेजारच्या बांधावर भोक पाडलं असतं. पण हे बोलायची ती वेळ नव्हती.

दुसरं मत घ्यायचं ठरलं. आमचे दाजी, म्हणजे आप्पांचे जावई, कोरेगाव भीमाजवळच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. धातुशास्त्राचा डिप्लोमा केलेला, पोलाद तापवून कडक करायच्या खात्यात काम. जावई आणि शिवाय पुरुष, त्यामुळं त्यांचं शास्त्र माझ्यापेक्षा जात्याच पक्कं. ते आले, एक कांडी उजेडात धरली, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "मटेरियलमध्ये दम आहे. आमच्याकडं हार्डनेस टेस्टिंगचं मशीन आहे. त्याच्यावर घेतो. रीडिंग खोटं बोलत नाही."

"दाजी, ते मशीन पोलादासाठी असतं," मी म्हणाले.

"ताई, हार्डनेस म्हणजे हार्डनेस."

कांडी रुमालात गुंडाळून कारखान्यात गेली. दाजींनी जेवणाच्या सुट्टीत ती मशीनखाली ठेवली आणि दाब दिला. त्या मशीनचं टोक हिऱ्याचं असतं. या सगळ्या प्रकरणात खरा हिरा तेवढा एकच होता, आणि त्यानं एका दाबात कांडीचा भुगा केला. संध्याकाळी दाजींचा फोन आला. "मशीन कॅलिब्रेट केलेलं नव्हतं," ते म्हणाले. आप्पांनी ते लगेच मान्य केलं. हिऱ्यापुढं मशीन बिघडणारच.

मग सुरुंग बंद. एक सुरुंग उडाला की हिऱ्यांचा चुरा होणार, ही आप्पांची भीती. विहीर अर्ध्यावर राहिली. पोकळीतल्या हाताला लागतील तेवढ्या पांढऱ्या कांड्या आप्पांनी छिन्नीनं हलक्या हातानं काढल्या, काकीच्या लग्नातल्या शालूत बांधल्या आणि पत्र्याच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवल्या. किल्ली करगोट्याला. हिरवे खडे त्यांनी तिथंच सोडले, कारण हिरा पांढराच असतो हे त्यांना माहीत होतं.

मी सुट्टी संपवून जंगलात परत गेले. तिथं मॉडेल शिकत होतं. बातम्या काकीकडून फोनवर यायच्या.

"तुजं आप्पा दिवसभर बाजंवर," काकी सांगायची. "बोअर गुळण्या टाकतंय. झेंडू माना टाकाया लागला. म्या म्हणलं, आवो विहीर पुरी करा. तर म्हणत्यात, आता झेंडू कशाला लावायचा आपण? म्या म्हणलं, मग काय हिरं पेरू?"

काकीचा तो झेंडू तिच्या एकटीचा होता. रोपं तिनं आणलेली, खुरपणी तिची, तोडणी तिची. फुलं बाजारात घालून आलेल्या दिवशी ती जरा वेगळीच चालायची. ती फोनवर विनोद करत होती, पण आवाज कोरडा पडला होता, ते मला कळत होतं. आणि मी तिकडं छत्तीसगडात बसून लाल ठिपके बघत होते.

पुढची सुट्टी भर उन्हाळ्यात मिळाली. मी केंदूरला गेले त्याच दिवशी काकीनं जाहीर केलं की भाचीच्या लग्नाला तिला शालू नेसायचाय. आप्पा आढेवेढे घेऊ लागले.

"दुसरं लुगडं न्हाई का?"

"हाय की. पर मला शालूच पायजे."

कपाट उघडलं. पत्र्याची खोली भट्टीसारखी तापलेली. आप्पांनी गाठोडं दोन्ही हातांनी उचललं, तान्ह्या मुलाला घ्यावं तसं. बाजेवर ठेवून गाठ सोडली. आत पांढरी भुकटी होती. आप्पांनी बोट लावलं तशी एक उरलीसुरली कांडीही भुगा होऊन बसली. शालूच्या जरीत, घडीघडीत, नुसती भुकटी.

आप्पांचा चेहरा बघून मला माझं शास्त्र खरं ठरल्याचा जराही आनंद होईना. मी पाणी आणून दिलं, त्यांनी तांब्या तसाच हातात धरला. मग माझ्याकडं वळले.

"तूच बोलली व्हतीस."

"हो आप्पा."

"म्हणूनच झालं. काळी जीभ हाय तुजी."

एवढं शिकून मला जिभेचा असा उपयोग करता येतो, हे कंपनीला ठाऊक नाही हे बरंय. काकीनं शालू उचलला, अंगणात नेऊन दणादण झटकला आणि परत येऊन फोन लावला. तिकडं खोदणारे होते.

"उद्याच्याला या," ती म्हणाली. "समदी या. मशीन घिऊन या. व्हय, सुरुंग बी आणा."

सकाळी मी पुन्हा खाली उतरले आणि राहिलेले हिरवे खडे मिळतील तेवढे सोडवून वर पाठवले. आप्पांनी डबा ओढून घेतला, पण खड्यांकडं बघितलं नाही. दुपारी सुरुंग उडाला.

पाणी लागलं ते त्यानंतर काही दिवसांनी, भिंतीतल्या एका भेगेतून, करंगळीएवढं, आणि मग चांगलं मनगटाएवढं. काकीनं नारळ फोडला, हळदीकुंकू वाहिलं. आप्पा लांब बांधावर उभे होते. काकीनं तांब्या भरून त्यांच्याकडं नेला, पुढं केला. त्यांनी घोट घेतला, तोंडात फिरवला.

"गोड हाय," ते म्हणाले. मग मला हाक मारली. "पोरी, ह्ये पाणी तुज्या मशीनीवर तपासून बघतीस का?"

"नमुना प्रयोगशाळेत द्यावा लागेल आप्पा. रिपोर्टला वेळ लागेल."

"किती?"

मी सांगेपर्यंत काकीनं पाइप खाली सोडला होता आणि झेंडूच्या पहिल्या सरीकडं निघालीसुद्धा होती.