पंखवाले की बिनपंखाचे

माझ्या यादीत चूक नसते, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. (कुणी बोलून दाखवत नाही, हा त्यांचा समजूतदारपणा.)

त्यामुळे जामखेडकडच्या एका गावात नदीचं पाणी घुसलं आणि आमच्या भिशीने तिथल्या बायकांना सॅनिटरी पॅड द्यायचं ठरवलं, तेव्हा निवड माझ्याकडेच आली. मी रकाने आखले: लांबी, जाडी, शोषण, सुगंध. मग पंखवाले की बिनपंखाचे, यावर लेकीशी तीन दिवस वाद! शेवटी नवरा आपलं ताट घेऊन गच्चीवर जेवायला गेला.

पंखवाले जिंकले. दोनशे पाकिटं गाडीत कोंबून आम्ही दोघं नगरहून निघालो.

गावच्या शाळेत चाळीसेक बायका जमल्या होत्या. नवऱ्याला मी व्हरांड्यात उभं केलं, दार लोटलं आणि प्रात्यक्षिक सुरू केलं.

"हा कागद काढायचा. ही चिकट बाजू. ती अशी चिकटवायची."

"कशाला?" भिंतीला पाठ लावून उभ्या असलेल्या शेवंताबाईंनी विचारलं.

"निकरला."

शेवंताबाईंनी मान हलवली.

"ताई, आमी परकर-लुगड्यावाल्या. निकरा चार-दोन पोरींकडं हुत्या, त्याबी पान्यात गेल्या."

मी यादी पाहिली. उलटी करून पाहिली. निकर कुठेच नव्हती.

"मग तुम्ही काय वापरता?" (हा प्रश्न तीन दिवसांपूर्वी फोनवर विचारता आला असता.)

"जुनं सुती कापड, कमरंच्या नाडीला बांधून. ते वाहून गेलं. मदतीत आलेल्या साड्या समद्या नायलॉनच्या, त्यात थेंब मुरत न्हाई. मी सकाळधरनं हुभीच हाय. बसू कशी? सतरंजी साळंची."

मी दाराच्या फटीतून ओरडले, "अहो, बाजारातून चाळीस निकरा आणा."

"आज बाजार बंद आहे," बाहेरून उत्तर आलं. "आणि साईज?"

"दाजींना आत बोलवा की," कोपऱ्यातली म्हातारी म्हणाली, "बगून अंदाज घेतील."

सगळ्या हसल्या. शेवंताबाई हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या. म्हणजे माझ्या कमरेखाली.

"ताई, तुमचं पातळ सुती हाय का?"

होतं. चिखलात जायचं म्हणून बारा वर्षं धुऊन धुऊन मऊ झालेलं नेसले होते. म्हातारीने पदर दोन बोटांत चोळला आणि निकाल दिला, "झ्याक हाय."

दहा मिनिटांत त्याचे तुकडे झाले. पहिला घेऊन शेवंताबाई मागच्या खोलीत गेल्या आणि परत येऊन सतरंजीवर मांडी घालून बसल्या.

मी नवऱ्याच्या रेनकोटात नगरला आले. ऊन चांगलंच होतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही सुती कापड, नाड्या आणि निकरा पोचवल्या, त्या मात्र शेवंताबाईंना विचारून. पण भिशीत पहिल्या फेरीचा अहवाल मलाच द्यावा लागला.

"नेलेल्यातलं काय काय कामी आलं?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

"एकच वस्तू," मी म्हणाले. "ती मी नेसून गेले होते."