जांभळी जीभ

महाळुंग्याला आमच्या विहिरीवर एक जांभूळ होतं. विहिरीवर म्हणजे अगदी विहिरीवरच, अर्ध्या फांद्या पाण्यावर ओणवलेल्या. आणि टपोरी जांभळं मेली नेमकी त्याच फांद्यांना! तिकडं फिरकायचं नाही, असा आईचा दम होता. अर्थात आम्ही भावंडं रोज जायचो.

संध्याकाळी आई दारात उभी असायची. हातात लाटणं नाही, काठी नाही. नुसतं म्हणायची, "जीभ काढ." संपलं! हात धुता येतात, फ्रॉक उलटा घालता येतो, जिभेचं काय करणार? आम्ही राख चोळून बघितली, चिंच चघळून बघितली. माझ्या भावानं तर पेरूच्या पानानं जीभ खरवडून रक्त काढलं. रंग ढिम्म हलला नाही. मग पाठीत एक धपाटा आणि "चला, जेवायला बसा." धपाटा तसा हलकाच असायचा. का, ते मला यंदा कळलं, पन्नाशी उलटल्यावर.

आईच्या स्वतःच्या तोंडाचा रंग मात्र काळा. मिशरीचा. तंबाखू तव्यावर काळीठिक्कर होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची. सकाळी आळीतल्या बाया ओट्यावर बसून बोटानं ती दातांना लावत. गावभरच्या बातम्या त्या बोटाच्या आडूनच बाहेर पडायच्या, आणि कुणाला मध्येच उठवलं तर तिचा दिवस गेलाच म्हणून समजा. खोटं कशाला बोलू, तो जळका उग्र वास म्हणजे माझ्यासाठी आई. अजून कुठं आला की मी वळून बघते.

त्याच मिशरीनं यंदा आमची झोप उडवली. अक्षय्य तृतीयेला मी माहेरी गेले, तर आई म्हणाली, ठेचा नको, तोंडात झोंबतंय. आणि माझ्यादेखत तिनं दुधात भाकरी कुस्करली. माझ्या आईनं! जी ठेच्याशिवाय घास उचलत नाही तिनं! तशीच तिला गाडीत घातली आणि ताथवड्याला आणली, माझ्या घराजवळच्या दातांच्या दवाखान्यात.

डॉक्टरीण माझ्या लेकीच्या वयाची. आत बॅटरी मारून तिनं बराच वेळ बघितलं. हिरड्या सुजलेल्या, आणि गालाच्या आतल्या बाजूला एक पांढरा चट्टा. तिनं मला बाजूला वगैरे घेतलं नाही, आईच्या तोंडावरच सांगितलं, ते बरं केलं. "आजी, मिशरी आजपासून बंद. चट्टा विरत गेला तर उत्तम. तसाच राहिला, तर बारीक तुकडा काढून तपासायला पाठवू." कशासाठी तपासायचं, ते सांगावं लागलं नाही. तिघींनाही कळलं होतं.

"आणि ताटात रंग दिसू द्या," ती पुढं म्हणाली. लाल माठ, पालक, गाजर, बीट, जांभळं. भाज्याफळांना जे रंग देतं, तेच हिरड्यांची सूज उतरायला आणि तोंड आतून निरोगी राहायला मदत करतं. "पण हे औषध नव्हे हं. मिशरी चालू ठेवून वर बीट खाल्लं, तर काही उपयोग नाही."

आईनं तोंड मिटलं, पदर सावरला. "म्हंजे आमी आजवर पांढरं खात हुतो व्हय?"

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. कारण नव्हतोच खात. माठाच्या भाजीनं भात लाल व्हायचा, आणि जास्त लाल कुणाचा यावरून आम्ही भांडायचो. बांधावरचा तांदुळजा, आंबट अंबाडी, जांभळी वांगी. अहो, ताटाकडं बघूनच भूक लागायची! आता त्या जमिनीवर गाड्यांचे सुटे भाग बनतात. विहीर बुजवली, जांभूळ पाडलं. आणि माझ्या घरात काय, तर पांढरा भात, पांढरा पाव आणि चहात बुडवायला टोस्ट. नेमून दिल्यासारखं सगळं फिकं.

आईला मी माझ्याकडेच ठेवून घेतलं. गावात ओट्यावर बसली की बोट तोंडात जाणारच, हे मला माहीत होतं. सुरुवातीला फार चिडचिड करायची. उजव्या हाताचं बोट आपोआप ओठाशी जायचं, मग ती ते मुठीत दाबून धरायची. बघवत नसे. बीट केलं तर म्हणे, "मातीचा वास येतोय याला, तूच खा." मिशरीची डबी मी स्वतः कचऱ्यात टाकली होती, पण तिच्यावर भरवसा? छे! मी रोज तिची उशी चाचपायचे.

असंच एकदा कामावरून आले, तर आई मोरीशी पाठमोरी उभी. हाक मारली तर बोलेना. वळली तर तोंड घट्ट मिटलेलं, आणि ओठांच्या कडा काळ्या.

माझं डोकंच फिरलं. "आई! परत? तुला मरायचंय का?"

तिनं नुसती मान हलवली. मी तिच्या समोर जाऊन उभी राहिले आणि माझ्या तोंडून निघालं, "जीभ काढ."

मग तिनं जीभ काढली. गर्द जांभळी.

"त्या नव्या बिल्डिंगच्या पत्र्यामागं एक झाड हाय," ती म्हणाली. "अजून तोडलं न्हाई. सडा पडलाय नुसता. तोंडाला काय तरी चाळा नको का गं?" पदरात ओंजळभर होती. मी तिथंच फरशीवर बसले आणि आधी हसले, मग रडले.

पुन्हा दाखवायला गेलो तेव्हाही तिची जीभ जांभळीच होती. डॉक्टरीण आधी दचकली, मग खो खो हसली. मग बॅटरी मारली आणि बोटानं गालाच्या आत चट्टा शोधत राहिली. "विरलाय," ती म्हणाली. "बराच. तुकडा काढायची गरज नाही. पण मिशरी सुटली ती सुटलीच, आणि दाखवायला येत राहायचं."

घरी येऊन आईनं ठेचा मागितला. भाकरीचा घास तोंडात गेला आणि तिचे डोळे भरले.

"झोंबतंय?" मी घाबरून विचारलं.

"मिरची हाय, झोंबनारच की." तिनं पदरानं डोळे पुसले. "त्या दिवशी माझी जीभ बघून तुला कसं झालं गं?"

"कसं म्हणजे? जीव भांड्यात पडला माझा."

"तसंच व्हायचं बघ मला," आई म्हणाली. "तुमी न्हाई ऐकनार, ते काय मला ठावं नव्हतं? रोज दारात उभी ऱ्हायची, त्या हिरीकडं कान लावून. जांभळी जीभ दिसली, की म्हनायची, चला, पोरं परत आली."