भिंतीला श्वास घेऊ देणाऱ्या वसुधाताई

वास्तुविशारद वसुधाताई करंदीकर यांची आणि माझी पहिली भेट दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समधल्या त्यांच्या ऑफिसात, इंटरव्ह्यूच्या निमित्ताने झाली. मी पुण्याहून नुकताच आलेला, काचेचे टॉवर बांधायच्या स्वप्नात दंग. त्यांनी माझी ड्रॉइंग्ज शांतपणे पाहिली आणि विचारले, "जुन्या भिंतीला कधी हात लावून पाहिलात?" मी नाही म्हणालो. तेव्हा त्या मला खाडीकाठच्या एका जुन्या घराच्या दुरुस्तीवर घेऊन गेल्या. प्रवाळाच्या दगडाची, चुन्यात बांधलेली ती भिंत भर उन्हात गार लागत होती. माझी नोकरी तिथेच पक्की झाली.

आज त्यांना साठ वर्षे पूर्ण होत असताना त्यांची अनेक कामे सांगता येतील. मी मात्र इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या चर्चविषयी लिहिणार आहे.

आमच्या ऑफिसातले स्ट्रक्चरल इंजिनिअर पीटर त्या गावचे. त्यांच्या मुलीचे, हेलनचे लग्न तिथल्या चर्चमध्ये व्हायचे होते. पण चर्चची उत्तरेकडची भिंत सतत ओली राहून तिच्या दगडाचा भुगा होऊ लागला होता. पाया खचला असावा, चर्च कायमचे बंद करावे, असे गावात घाटत होते.

"खलास," पीटर म्हणाले.

"खलास कसले? यल्ला, चला, सुट्टीत जाऊन बघू!" ताई उत्तरल्या आणि मलाही सोबत घेऊन गेल्या.

ठेंगणा चौकोनी मनोरा, उलट्या होडीसारखे लाकडी छत आणि एकाच इमारतीत दोन काळच्या कमानी: दाराची अर्धगोल, खिडक्यांच्या टोकदार. "बघा, प्रत्येक पिढीने आपल्या पद्धतीने भर घातली, पण आधीचे पुसले नाही," ताई हरखून सांगत होत्या. मग त्या बाहेर आल्या आणि भिंतीच्या कडेकडेने दगड ठोकत, सांधे तपासत फिरल्या. दक्षिणेच्या भिंतीचे सांधे चुन्याचे होते, भिंत कोरडी होती. उत्तरेच्या भिंतीचे सांधे सिमेंटने भरलेले होते.

"पाया शाबूत दिसतोय. भिंत कोंडली आहे," ताई म्हणाल्या. "चुन्यातून ओल बाहेर पडते. सिमेंट तिला अडवते, मग ती दगडातून वाट काढते."

चर्चची देखभाल करणाऱ्या वृद्ध मार्गारेटबाईंचा चेहरा पडला. "ते सिमेंट माझ्या वडिलांनी भरलं होतं. चांगल्यातलं चांगलं आणून."

ताईंनी त्यांचा हात हातात घेतला. "त्या काळी सगळे तेच करत होते, आम्हीसुद्धा. त्यांनी जिवापाड केले म्हणून तर हे चर्च आपल्याला सांभाळावेसे वाटते."

मार्गारेटबाई डोळे पुसून चहा करायला उठल्या. कामातला अचूकपणा मी पुष्कळांकडे पाहिला आहे. चूक दाखवतानाचा हा हळुवारपणा ताईंचाच.

तिथल्या तज्ज्ञांनी तपासणी करून ताईंचे निदान मान्य केले. हेलनने लग्न पुढे ढकलले. पुढच्या उन्हाळ्यात रीतसर परवानगीने सिमेंट काढून चुना भरायचे काम निघाले, तेव्हा ताई पुन्हा सुट्टी टाकून परांचीवर हजर! भिंत वाळली आणि हेलनचे लग्न तिथेच लागले. घंटा दणाणल्या. पैठणी नेसलेल्या ताईंना मार्गारेटबाईंनी स्वतःशेजारी, अगदी पुढच्या बाकावर बसवले. पीटर तर भाषणात रडत रडत हसले.

आमच्या घरच्यांसाठीही ताई अशाच धावतात. माझ्या मुलीचा जन्म झाला तेव्हा मी दूर अबुधाबीकडच्या रुवैसच्या साइटवर अडकलो होतो. अल बर्शातल्या आमच्या घरून माझ्या पत्नीला ताईंनी हॉस्पिटलात नेले आणि मी पोहोचेपर्यंत तिचा हात सोडला नाही. लेक आज इंग्रजीतच बोलते, पण "ताईआजी" ही हाक मात्र तिच्या तोंडी अस्सल मराठी आहे.

वसुधाताई, आपणांस उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. आपले गुडघे असेच तरातरा परांची चढत राहोत, आणि मागून धापा टाकत येण्याचे भाग्य आम्हांला पुष्कळ वर्षे मिळो!