चाकाची मागची बाजू

आमच्या न्हाणीघरात पूर्वी माणसं अंघोळ करायची. आता तिथं चाकं अंघोळ करतात आणि आम्ही उरलेल्या कोपऱ्यात कसंबसं अंग ओलं करून बाहेर पडतो.

चाक म्हणजे रस्त्यानं जाताना दिसतं तेवढंच नसतं. उलटं करून आतून बघा एकदा. ब्रेकची काळी भुकटी, डांबर, चिखल, त्यात चिकटलेले किड्यांचे पंख. मध्यंतरी एका टायरच्या खाचेत कुत्र्याची घाण वाळून बसली होती. ती कुणी काढली? मी. दातांच्या जुन्या ब्रशानं. पुढचे तीन दिवस मला स्वतःचे दात घासवेनात.

हा सगळा उद्योग आमच्या ह्यांचा. निवृत्त झाल्यावर लोक फिरायला जातात, पेपर वाचतात, बायकोशी भांडतात. ह्यांनी जावयाच्या गाडीची खरवडलेली अलॉय चाकं हौसेनं रंगवून दिली. जावयानं तोंड भरून कौतुक केलं आणि माझ्या घराचं वाटोळं झालं. मागच्या अंगणात दोन स्टुलं, त्यावर चाक, स्वयंपाकघरात रंगाचे डबे. भाताला थिनरचा वास. हे नाक शिंकरायचे तर रुमालात रुपेरी शेंबूड निघायचा, आणि तो रुमाल धुवायला कोण? शी!

कौतुक हा ह्यांचा कच्चा दुवा. कुणी ‘तुमच्यासारखे तुम्हीच’ म्हटलं की हे हरभऱ्याच्या झाडावर. आणि नाही म्हणणं तर ह्यांना जन्मात जमलं नाही. एकतीस वर्षं पंख्यांच्या कारखान्यात तपासनीस होते. फोरमन खांद्यावर हात टाकून म्हणायचा, ‘साहेब, एवढी खेप जाऊ द्या,’ की हे ‘पास’चा शिक्का मारायचे. घरी येऊन ताटावर नुसते बसून राहायचे. मी विचारलं तर म्हणायचे, ‘डोकं दुखतंय.’ इतकी वर्षं त्या डोकेदुखीला मी गोळ्या देत आले.

काम मात्र नेटकं, हे कबूल करायला हवं. टायरला रंग लागू नये म्हणून टायर आणि चाकाच्या कडेच्या फटीत हे पत्ते खोचतात, एकावर एक चढवून, गोल. खेळायचे पत्ते. एका चाकाला अख्खा कॅट लागतो. टेप लावायचं काम माझं. नट बसतात त्या भोकांत, हवा भरायच्या नळीवर, जिथं रंग नको तिथं टेप. भोकांत रंग गेला तर नट नीट आवळत नाहीत. ‘तुझ्यासारखा टेप कुणाला लावता येत नाही,’ असं हे म्हणायचे, आणि मी मूर्ख, मीही खूश व्हायचे.

जुन्या गाड्यांचा एक दलाल ह्यांच्याकडं चाकं आणायचा. मी मनातल्या मनात त्याचं नाव मधाळ ठेवलं होतं. ‘काका, तुमच्या हातात जादू आहे. काकू, तुम्ही भाग्यवान.’ ह्या मधाळनं परवा सकाळी चार चाकं आणून टाकली आणि जाता जाता म्हणाला, ‘काका, ह्यांच्या मागच्या बाजूलाही रंग मारा. आणि जिथं लागेल तिथं लांबी भरा.’

लांबी म्हणजे खड्डे बुजवायचा तो राखाडी लगदा. पण चाकाच्या मागच्या बाजूला कुणी बघतं का? आजवर एकानंही मागून रंग मागितला नव्हता. माझ्या मनात तिथंच पाल चुकचुकली.

शिवाय ही चाकं कुणाच्या गाडीची ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. शेजारच्या शिवणवाल्या ताईंच्या. भिंतीला भिंत लागून घर. त्यांचे यजमान दीड वर्ष अंथरुणाला खिळलेले, आठवड्यातून दोनदा दवाखान्यात न्यावं लागतं. भाड्याच्या गाडीवाल्यांच्या नाकदुऱ्या काढून काढून ताई रडकुंडीला आलेल्या. म्हणून चाळिशी उलटल्यावर गाडी शिकल्या आणि आता मधाळकडून ही जुनी गाडी घेत होत्या. हातात स्टिअरिंग धरल्यासारखं करून मला दाखवायच्या आणि स्वतःच हसायच्या.

चौथं चाक धुताना आतल्या गोल भिंतीवर माझं नख अडकलं. भुकटी घासून काढली. केसाएवढी बारीक रेघ, कडेपासून निघून बोटभर आत गेलेली.

‘अहो, ही चीर आहे.’

‘ओरखडा असेल.’

‘माझं नख अडकतंय त्यात.’

‘नखं कापत जा मग.’

असं म्हणून हे हसले. माझ्याकडं न बघता हसले. मी म्हटलं, ‘ताई नवऱ्याला घालून हमरस्त्यानं जाणार आहेत ह्याच्यावर. मध्येच चाक फुटलं तर?’ तेव्हा हे म्हणाले, ‘दलालानं गाडी बघूनच घेतली असेल. आपलं काम रंगाचं.’ आणि पाटीवर लांबी कालवायला बसले. लहान मुलाच्या तोंडाला पावडर लावावी तशी हळुवार हातानं त्यांनी ती चीर भरली, घासली, बोट फिरवून बघितलं. त्या बोटाची मला किळस आली. घाणीची किळस येते ती साबणानं जाते. ही जाईना.

बोलायला मी दोनदा ताईंच्या दारापर्यंत गेले. पण काय सांगणार? चाकाला चीर आहे, आणि माझा नवरा ती माहीत असून बुजवतोय? दोन्ही वेळा परत आले. संध्याकाळी ताईच भिंतीवरून डोकावल्या. ‘वहिनी, कशी झालीत चाकं?’ मी म्हटलं, ‘छान होतायत.’ माझ्याच तोंडातून निघालं ते.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे लवंडले, तेव्हा मी केसातला आकडा काढून ती लांबी टोकरून काढली, सगळी. चीर पुसली आणि तिच्यावर बरोबर बोटभर टेप लावला. जिथं टेप तिथं रंग नाही. माझ्यानं बोलवत नव्हतं, तर निदान ती चीर तरी झाकली जाऊ नये. चार वाजता हे उठले आणि मागच्या बाजूवर रंगाचा फवारा मारू लागले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. टेपपाशी हात अडखळला नाही. ह्यांना दिसलाच नाही, असं मी धरून चालले.

आज सकाळी मधाळ ती गाडी दुसऱ्याच चाकांवर चालवत घेऊन आला. त्याच्या माणसानं बोळात तीन चाकं चढवली. ताई हातातली शिवण टाकून आल्या होत्या, बोटात अंगुस्तान तसंच. चौथं चाक भिंतीला टेकवलेलं, पुढून आरशासारखं. ‘बघा ताई, नवीकोरी दिसतात की नाही?’ मधाळ म्हणाला.

‘मागूनही बघा,’ मी म्हटलं.

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. मी चाक फिरवलं, आणि ताई माझ्या खांद्यावर हात टेकवून खाली वाकल्या. मी टेपचं टोक शोधून ओढलं. रंग सुकला की टेपच्या कडेनं ब्लेड फिरवावं लागतं, नाहीतर ओढताना रंगाचे लचके निघतात. तसं मी केलं नव्हतं. पण टेप सरळ निघून आला, एक कपचा न काढता. चारही कडांनी कुणीतरी ब्लेड फिरवलेलं होतं, अगदी सावकाश, रेघ मारल्यासारखं. आमच्या घरात ब्लेड एकच माणूस धरतो.

म्हणजे ह्यांना टेप दिसला होता. कशासाठी लावलाय तेही कळलं होतं. लांबी पुन्हा भरायची हिंमत झाली नाही आणि तोंड उघडायचीही नाही. नीट निघेल अशी सोय करून ओढायचं काम माझ्यावर ठेवून दिलं. तेवढा वेळ हे कुंडीपाशी उभे राहून हाताच्या बोटांवरचा रंग खरवडत होते.

ताईंनी चिरेवरून नख फिरवलं. नख अडकलं. मधाळ म्हणाला, ‘हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं हं ताई, दुसरं चाक देतो ना.’ त्यांनी त्याच्याकडं बघितलंही नाही.

‘भाऊजी, तुम्हाला माहीत होतं?’

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. फोरमनकडं असंच बघत असतील. मग खाली मान घालून म्हणाले, ‘टेप हिनं लावलाय.’

खोटं काही बोलले नाहीत. ताईंनी मान वळवली. आमचे चेहरे वीतभर अंतरावर होते.

‘वहिनी, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?’

‘परवापासून,’ मी म्हटलं.

चाकाला लागलेला हात ताईंनी झग्याला पुसला, आणि मग माझ्या खांद्यावरचा दुसरा हातही काढून घेतला.